पाहुण्यांचं आइस्क्रीम

शनिवारी संध्याकाळी आमचं मराठी टोळकं पाटणकरांच्या बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत जमतं. बँकवाले बँकेचे किस्से सांगतात, आयटीवाले सर्व्हर झोपल्याचे. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "चित्रा, आता तुमच्या युद्धाचं होऊन जाऊ दे!" सुरुवातीला माझ्याकडे एकच किस्सा होता. आता इतके साठलेत की कुठला सांगितला आणि कुठला राहिला, तेच आठवत नाही. लोक पोट धरून हसतात. मी मात्र सांगता सांगता दरवेळी नव्याने हबकते.

आधी पात्रपरिचय. मी मूळची पुण्याची, आता राहते परदेशात, क्लेमेंटीला, नोकरी हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत. पाटणकर माझे बॉस. आमच्या खिडकीतून सहलीला निघालेल्या फेरीबोटी दिसतात. आणि खिडकीच्या आत बसून आम्ही एका लांबच्या देशात तळ ठोकलेल्या परदेशी फौजेला खाणंपिणं पोचवायचो. देशाचं नाव सांगत नाही, मला नोकरी टिकवायची आहे. ही फौज तिथल्या सरकारच्या मदतीला आली होती, डोंगरातल्या बंडखोरांचा बंदोबस्त करायला.

आमचा तिथला माणूस हमीद. बंदरातून फौजेच्या तळापर्यंत ट्रक नेणं हे त्याचं काम. माझ्याशी तो हिंदीत बोलायचा, मी आपलं मराठीत सांगते. फोन कोण ऐकत असेल याचा नेम नाही, म्हणून तो फौजेला म्हणायचा 'पाहुणे' आणि बंडखोरांना 'घरचे'. पाहुण्यांची भाषा फर्डी बोलायचा. म्हटलं, "कुठे शिकलास रे?"

"पाहुण्यांकडेच, दीदी. माझ्या वडिलांना आधीच्या पाहुण्यांची यायची."

म्हणजे आधीही कुणी येऊन गेले होते! आम्हाला पत्ताच नव्हता.

*

नोकरीला लागून महिनासुद्धा झाला नव्हता. सकाळी मेल उघडले, तर एकाखाली एक दोन. पहिला हमीदचा. रस्त्यात स्फोट झाला, दोन ट्रक उडाले, एक ड्रायव्हर गेला. दुसरा तळावरच्या मेसच्या अधिकाऱ्याचा. चॉकलेट आइस्क्रीम दाणेदार लागतंय, वाटेत वितळून पुन्हा गोठलेलं दिसतं, यापुढे काळजी घ्यावी.

माझं टाळकंच सरकलं. दोन्ही प्रिंट काढून पाटणकरांच्या टेबलावर आपटले. "अहो, त्याच रस्त्यावर माणूस मेलाय! आणि हा शहाणा आइस्क्रीमचे दाणे मोजतोय!"

पाटणकर शांत माणूस. चष्मा पुसत म्हणाले, "चित्रा, त्याला तळाबाहेर पडायची परवानगीच नाही. रस्ता त्याने बघितलेला नाही."

"मग हा लढतोय तरी कुणाशी?"

"तेही त्याने बघितलेलं नाही."

*

पुढे एकदम चमत्कार झाला. स्फोट थांबले. ट्रक सुरक्षित, ड्रायव्हर सुखरूप, आइस्क्रीमसुद्धा दगडासारखं घट्ट! हमीदने ट्रकांसोबत नवे बंदूकवाले रखवालदार नेमले होते म्हणे. पाटणकर इतके खूश की त्यांनी त्याला फोनवर शाबासकी दिली आणि सहज विचारलं, "ही माणसं मिळाली कुठे तुला?"

"साहेब, घरच्यांचीच आहेत."

पाटणकरांच्या हातातला तेह तारिक चहा टायवर सांडला. ज्यांच्यापासून ट्रक वाचवायचे, तेच ट्रकांची राखण करत होते! आणि जे सामान सांभाळून नेत होते, ते खाऊन दुसऱ्या दिवशी पाहुणे त्यांनाच मारायला निघणार!

हे लपवून कसं चालेल? पाटणकरांनी धीर करून व्हिडिओ कॉलवर तळावरच्या कर्नलला आडून आडून सांगितलं. कर्नल खुलला. म्हणाला, "वा! स्थानिक लोक जबाबदारी घ्यायला लागले!"

*

हमीदच्या वाटेवर एक गाव होतं. तिथे म्हातारा मुखिया. पाहुण्यांचे अधिकारी काही महिन्यांनी बदलायचे. नवा आला की मुखियाकडे जायचा, चटईवर मांडी घालायचा प्रयत्न करायचा आणि विचारायचा, "तुम्हाला काय हवंय?"

मुखिया म्हणायचा, "पूल."

अधिकारी आनंदाने हात मिळवून जायचा. पुढच्या वेळी दुसराच यायचा. "तुम्हाला काय हवंय?" असं इतकं झालं की म्हाताऱ्याने हमीदला बाजूला घेऊन विचारलं, "हा एकच माणूस आहे का रे? फार विसरभोळा आहे बिचारा."

शेवटी एकाने मनावर घेतलं. पुलाचं लोखंड आमच्याकडूनच गेलं. आम्ही ऑफिसात केक कापला, खोटं कशाला बोलू! आयुष्यात पहिल्यांदा आइस्क्रीमपेक्षा काहीतरी बरं पाठवलं होतं.

पूल झाला. पूल सगळ्यांनाच उपयोगी पडतो, घरच्यांनाही पडला. ते त्यावरून गाड्या घेऊन यायला लागले. मग पाहुण्यांनी विमान पाठवलं आणि स्वतःच बांधलेला पूल स्वतःच पाडला!

थोड्या दिवसांनी नवा अधिकारी आला आणि चटईवर बसला. "तुम्हाला काय हवंय?"

पाटणकरांनी मेल उघडला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी घाबरून विचारलं, "काय झालं?"

"रिपीट ऑर्डर."

*

माझ्या मुलाला, ओंकारला, तेव्हा मी मॅन्डरिनच्या, म्हणजे चिनी भाषेच्या ट्यूशनला घातलं होतं. पोरगं वैतागलेलं. हमीदशी बोलताना सहज सांगितलं, तर तो काळजीत पडला. "का, दीदी? ते लोक फौज घेऊन तिकडे येणार आहेत का?"

"नाही रे बाबा! इथं पुढे नोकरीला उपयोगी पडतं."

"मग काही घाई नाही," हमीद म्हणाला, "खेळू द्या त्याला."

घरी हे सांगितलं तर ओंकार म्हणतो, "मा, त्या सोल्जर्सना तिकडची लँग्वेज येत नाही, मग बॅड गाय कोण ते कळणार कसं? कान्ट वन, लाह!" म्हणजे शक्यच नाही.

तेच मी हमीदला विचारलं. तेव्हा त्याने सांगितलेलं माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

पाहुण्यांचा दुभाषा आजारी, म्हणून एकदा हमीदला उभं केलं. अधिकारी गावकऱ्यांसमोर लोकशाहीवर खूप वेळ बोलला. हमीदने भाषांतर केलं, "साहेब भला माणूस आहे. चहा घ्या." मग एक गावकरी उठला. आदल्या आठवड्यात पाहुण्यांच्या बाँबने त्याचा मुलगा मेला होता. तो रडत, ओरडत, नावं घेत बोलला. हमीदने भाषांतर केलं, "तो आभार मानतोय."

मी खुर्चीतून उठलेच. "लाज नाही वाटली तुला? त्या बापाचं एवढंसुद्धा पोचवलं नाहीस?"

"दीदी, समोर बंदुका होत्या, मागेही बंदुका होत्या," तो म्हणाला. "मला त्या सगळ्यांना जिवंत घरी पाठवायचं होतं."

मी फोन ठेवला आणि प्रसाधनगृहात जाऊन रडले.

*

मग पाहुणे निघणार अशी कुजबुज सुरू झाली. इतक्या वर्षांत हमीदने आमच्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आता मागितलं. पाहुण्यांच्या विमानात तीन जागा. तो, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. "मी पाहुण्यांना जेवू घातलंय, दीदी. घरचे सोडणार नाहीत."

पाटणकरांनी कुणाकुणाला फोन केले म्हणून सांगू! शेवटी एक अधिकारी लाइनवर आला. पहिलाच प्रश्न, "तो माणूस नक्की आमच्या बाजूचा की त्यांच्या?"

आमचे पाटणकर, ज्यांनी कधी वेटरलाही जोरात हाक मारली नाही, ते अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडले, "तो तुम्हाला जेवायला घालत होता!"

"बघून कळवतो," अधिकारी म्हणाला.

एका सोमवारी ऑफिसला आले तर कळलं, पाहुणे गेले. कुणालाही न सांगता, मेसमधले दिवेसुद्धा चालू ठेवून! आमचा माल फाटकाशी उभा आणि हमीदचा फोन बंद. मी रोज सकाळी लावत होते. रोज बंद. शनिवारी किस्से सांगायचेही मी सोडून दिले. पाटणकर त्याचं नाव निघालं की उठून खिडकीशी जायचे.

*

कित्येक महिन्यांनी दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर.

"दीदी, जेवलात का?"

मी रडत होते आणि त्याला शिव्याही देत होते, दोन्ही एकदम. पाटणकर धावत आले, फोन स्पीकरवर टाकला.

आता सरकार घरच्यांचं होतं. तळावरही तेच राहत होते. आल्या आल्या त्यांनी विचारलं, पाहुण्यांना जेवण कोण आणायचं? सगळ्यांनी हमीदकडे बोट दाखवलं. "वाटलं, संपलं सगळं. तर त्यांचा कमांडर म्हणाला, मग आमचंही तूच आण!"

ऑर्डर तयार होती. पीठ, तांदूळ, चहा. "आणि दीदी, चॉकलेट आइस्क्रीम. फ्रीजरमध्ये उरलं होतं, त्यांना फार आवडलं."

पाटणकरांनी घाईने विचारलं, "आता रस्ता तरी सुरक्षित आहे ना?"

"नाही, साहेब. रखवालदार लागतील. डोंगरात आता दुसरेच कुणीतरी जाऊन बसलेत."

पाटणकर म्हणाले, "हमीद, तू निघ तिथून. मी पुन्हा सगळीकडे बोलतो."

"आता हे नाही सोडणार, साहेब. यांनाही रोज भूक लागते." तो हसला. मग आवाज खाली आला. "माझं जाऊ द्या. मुलीचं एक विचारायचं होतं."

आम्ही दोघंही फोनवर वाकलो. मी तर पेनही उचललं. शाळा म्हणेल, व्हिसा म्हणेल, जे म्हणेल ते करायचंच.

"दीदी, तुमच्याकडून जहाजं सुटतात, तुम्हाला आधी कळत असेल. पुढचे पाहुणे कुठल्या देशाचे येणार आहेत? म्हणजे पोरीला आत्तापासून ती भाषा शिकवायला घेतो."