संस्थेची गाडी चालवणारी

पेशंट गाडीत बसला की ती आधी त्याच्या चपला काढून सीटखाली सरकवायची आणि मग म्हणायची, "बसा निवांत. जगायचं हाय न्हवं?" डायलिसिसला निघालेला माणूस यावर काय बोलणार? लासुर्ण्याचे एक आबा तेवढे दर खेपेला उत्तर द्यायचे, "तू कशी चालवतीस त्यावर हाय."

आमची एक सेवाभावी संस्था होती. इंदापूर-बारामतीकडच्या खेड्यांतून रुग्णांना दवाखान्यात न्यायचं, जवळ बसायचं, घरी सोडायचं. गाडी ती चालवायची. मी बँकेतली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी जायची. मला एक मुलगा आहे, आणि तिथं ते कमीपणाचंच होतं. बहुतेक जोडप्यांनी मूल होऊ दिलं नव्हतं. ज्यांना होतं त्यांना 'संसारी' म्हणत. हसून म्हणत, पण मुलाच्या तापासाठी सुट्टी मागितली की ते हसू मावळायचं.

संस्थापकांना सगळे सर म्हणत. "एका लेकरात जेवढा जीव ओतता, तेवढ्यात एक गाव उभं राहतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाहुणे आले की ते जोडप्यांना उभं करून सांगायचे, "यांनीही मूल होऊ दिलं नाही." टाळ्या पडायच्या. लोकांच्या पलंगापर्यंत पोचलेल्या त्या टाळ्यांची मला शिसारी यायची. तुम्ही कधी अशा सभेत बसला असाल, तर तुम्हीही त्या वेळी छताकडे बघितलं असेल.

तिचं आणि नवऱ्याचं मूल नको हे लग्नाआधीच ठरलेलं. त्याचं इंदापुरात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींच्या तारा नव्यानं भरून देण्याचं दुकान होतं. "आमाला नगं व्हतं, म्हणून न्हाय झालं," ती मला म्हणायची. "त्यात टाळ्या कशाला?"

चाळिशीला टेकल्यावर तिला दिवस गेले. सांगवीहून पेशंट सोडून परतताना तिनं गाडी कडेला घेतली, उसाच्या बांधाशी जाऊन ओकली, बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली.

"पित्त का गं?" मी विचारलं.

"न्हाय. पोर हाय."

"मग?"

"ठेवणार. काल आमी दोघं लई येळ गप बसलो. मग ह्यांनी इचारलं, पाळणा कुठं टांगायचा? मग काय ऱ्हायलं बोलायचं?"

ही गोष्ट सरांपर्यंत पोचली. महिन्याच्या बैठकीत, चहा फिरत असताना, सगळ्यांसमोर ते तिला शांतपणे म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. डॉक्टरबाई आपल्याच आहेत. बाहेर कळायचं नाही."

कुणी दचकलं नाही. एकानं विचारलं, "मग मंगळवारच्या फेऱ्या कोण करणार?" एरवी तिच्या गळ्यात पडणारी एक बाई म्हणाली, "शेवटी स्वार्थ आलाच." माझ्या कपातल्या चहावर साय धरली होती. मी कप खाली ठेवला.

"सर, हे सभेत बोलायचं असतं का?" मी म्हणाले.

"संसारी लोकांनी यात पडू नये."

ती उठली. आवाज चढवला नाही. "सर, गाडी संस्थेची हाय. पोट माझं हाय." किल्ली टेबलावर ठेवून दारापर्यंत गेली आणि वळली. "उद्या आबांना न्यायचंय. चपला सीटखाली सरकवा, न्हायतर त्यांचा पाय अडकतो."

मीही तिच्या मागोमाग निघाले, ती कायमचीच.

पुढं भिंतीवरचा सभासदांचा फोटो बदलला. पेशंटना सांगण्यात आलं की तिला आता तुमची गरज राहिली नाही. खोटंही किती गुळगुळीत बोलता येतं! मी आबांना भेटून खरं सांगितलं. 

"पोटुशी बाई घालवली," ते म्हणाले, "आन् ह्याला सेवा म्हणायची व्हय?"

त्यांच्या बायकोनं माझ्याबरोबर डिंकाचे लाडू दिले. "चाळिशीतली पैली खेप हाय. कंबरंला बळ पायजे," म्हणाली.

मुलगी झाली. पुढं दुकान अकलूजला हललं, तशी तीही गेली. मुलगी बसायला शिकली तेवढ्यात आबा वारले. तेराव्याला संस्थेतलं कुणी फिरकलं नाही. आबांच्या मुलाच्या मोबाइलवर सरांचा संदेश तेवढा आला होता. जोडलेले हात, संस्थेचं नाव आणि खाली देणगीसाठी नंबर.

ती मात्र एसटीनं आली, पोरीला कडेवर घेऊन. पंगतीत वाढलं, आबांच्या बायकोला बळंच दोन घास खायला लावले. परत जाताना फाट्यावर आम्ही दोघी एसटीची वाट बघत उभ्या होतो.

"सर म्हणायचे ते खोटं न्हवतं," ती म्हणाली. "पोरगी लई येळ खाती. माझे पेशंट सुटले. आबांजवळ शेवटी मी न्हवते."

तिनं डोळे पुसायला पोर माझ्याकडं दिली. पोरीनं माझा चेहरा निरखला आणि खांद्यावर भसकन दूध ओकलं.

"अगं बाई, साडी..." ती पुसायला धावली.

"असू दे," मी म्हणाले.

तेवढ्यात अकलूजची गाडी आली. कंडक्टर घाई करत होता. ती पोरीला घेऊन चढली, आणि माणसांच्या गर्दीत दिसेनाशी झाली. बारामतीच्या गाडीत शेजारची बाई नाक मुरडून जरा सरकून बसली. मी तो ओला खांदा तसाच घेऊन घरापर्यंत गेले.