मुसळाखालची सावली
शेजारी चटणी कुटायला घेतली आणि मिरचीचा खकाणा नाकात गेला, की मला शिराळ्याजवळच्या गावातली मे महिन्यातली ती दुपार आठवते. शून्य सावली दिवस गावाला दाखवायचा बेत आम्ही शिक्षकांनी आखला होता. भर उन्हात येणार कोण, हीच धास्ती. सूर्य बरोब्बर डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, असं भोंग्यावर पुकारणाऱ्या मामांना मी नीट समजावलं. त्यांनी गावभर पुकारलं, "गिराण हाय, मुसळं घिऊन या!" ग्रहणात परातीतल्या पाण्यात मुसळ उभं राहतं, ही तिकडची जुनी समजूत. मी कपाळावर हात मारला. पण देवळापुढं सगळा गाव लोटला आणि बायकांनी चटणीनं लालभडक झालेली मुसळं फरशीवर उभी धरली. याहून बरं साधन आम्हाला सुचलंच नसतं! बघता बघता मुसळांच्या सावल्या आखडल्या आणि बुडाखाली गडप झाल्या. "आवं बाई, गिळली की मुसळानं!" एक आजी ओरडल्या आणि सटकन शिंकल्या, मग सगळा गाव हसत, शिंकत राहिला. अजूनही खकाणा आला, की शिंकायच्या आधी मी पायाशी माझी सावली आहे का बघते.