उभ्याने पाहिलेली फायनल

जून १९९९, मंगळवार, सकाळची वेळ. स्थळ कोल्हापूरचा एसटी स्टँड. रक्कम रुपये आठशे पन्नास, पैकी पाचशे आईने बनियनला आतून शिवलेल्या खिशात. हजर: आई, वडील, धाकटा भाऊ संजू आणि आमच्या तालमीच्या संघातले चौघे जण. ते चौघे मला पोचवायला आले होते असं आईला वाटलं. खरं म्हणजे ते माझे बूट न्यायला आले होते. बूट संघाचे होते आणि रविवारी मॅच होती.

आई रडत होती. वडील फाउंड्रीत तीस वर्षं काढलेले, ते असल्या वेळी बोलायचे नाहीत. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "जाशील तिथं पयलं ग्राउंड कुठं हाय ते बघ. खोली काय, कुठंबी घावती."

तुम्ही जे तिकडेच राहिलात त्यांना हे वाक्य समजावायला नको. आपल्याकडे मॅचला कुणी बसलेलं मला आठवत नाही. पायऱ्या बसायलाच बांधलेल्या, पण बसला तर पुढच्याची पाठ दिसायची, म्हणून सगळे उभे. वडील मला खांद्यावर घ्यायचे, आणि गोल झाला की मला खांद्यावर घेतलंय हे विसरून उडी मारायचे. माझ्या हनुवटीवरची खूण त्यातलीच.

मुंबईच्या पुढे, पालघरजवळ बोईसरला उतरलो आणि ग्राउंड विचारलं. ज्याला विचारलं तो म्हणाला, "कौनसा ग्राउंड? क्रिकेटवाला?" नोकरी लागली त्या कारखान्यात रंग बनायचा. पहिल्या महिन्यात माझा रुमाल धुतला की पाणी पिवळं व्हायचं. खोलीत आम्ही सहा जण, सहा जिल्ह्यांचे आणि तीन राज्यांचे. शिफ्ट, ओव्हरटाइम, 'चलेगा', 'कल देखेंगे' हे शब्द माझ्या तोंडात तिथे बसले आणि अजून आहेत. संजू फोनवर हसतो. म्हणतो, "दादा, तू मराठीबी भाषांतर केल्यागत बोलतोस."

माणूस म्हणून मला पहिल्यांदा विचारलं ते रंजूबायने. ती जवळच्या सातपाटीच्या कोळीवाड्यातली. सकाळी मासे घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची, अजून बसते. देशावरचा मी, मटण ओळखणारा. टोपलीतल्या ओल्या बोंबलाकडे संशयाने बघत होतो तर म्हणाली, "ए कोलापुरी, बोंबील हाय तो, साप नाय. घे, नाय आवडला तर उद्या शिव्या देयाला ये." मी दुसऱ्या दिवशी आणखी घ्यायला गेलो. तेव्हापासून माझं नाव कोलापुरी. माझ्या लग्नानंतर बायकोचं नाव कोलापुरीण, तीही सांगलीची असून.

ग्राउंडही तिनेच दाखवलं. एका रविवारी सातपाटीला जेवायला बोलावलं. ओहोटी लागली होती आणि ओल्या वाळूवर पोरं फुटबॉल खेळत होती. दोन बांबू रोवलेले. हाफटाइम घड्याळावर नव्हता; भरती सुरू झाली की मॅच संपली. मी चपला काढल्या आणि उभा राहिलो. वडिलांना त्या रात्री पत्रात लिहिलं, ग्राउंड मिळालं. खोलीचं त्यांनी पुढेही कधी विचारलं नाही.

आता सांगायचं ते यंदाच्या जानेवारीतलं. जिल्हा झाल्यापासून पालघर मोठं झालं आणि कोळगावच्या रस्त्याला होणारी फुटबॉल स्पर्धाही. मंडप, मोठे दिवे, फळ्यांची गॅलरी, पोलीस बंदोबस्त आणि काळ्या टी-शर्टांतले भाड्याचे बाउन्सर. रंजूबायचा नीलेश सातपाटीच्या संघाचा गोलकीपर. तिचा धनी नाखवा, होडी घेऊन दर्यात होता. म्हणून सेमीफायनलला ती आम्हा बोईसरच्या लोकांबरोबर गॅलरीत आली.

गॅलरीत नियम एकच: बसायचं. का, ते कुणी सांगितलं नाही. पहिला हल्ला झाला आणि आम्ही सगळे उठलो. ठरवून नव्हे. बॉल आपल्या गोलकडे आला की पाय आपोआप सरळ होतात. बाउन्सर ओरडत आले. दोन खलाशी पोरांना उतरताना पोलिसाची काठी पोटरीवर बसली. सातपाटीच्या बुटक्या बायकांनी मागे उभं राहायला माशांचे रिकामे क्रेट आणले होते, ते 'फेकायचं सामान' म्हणून जप्त झाले. सगळे बसले. रंजूबाय उभी.

"माताजी, बैठो," एक बाउन्सर म्हणाला. काटकुळा, टी-शर्ट दोन मापांनी मोठा.

"आख्खा दिस बसून म्हावरं इकते मी. पोरगा खेलताना पन बसू?"

त्याने दंड धरला. तिने सोडवला. त्याने मनगट धरून ओढलं आणि त्या हातातल्या तिन्ही बांगड्या वाढल्या. फुटल्या म्हणायचं नसतं, धनी दर्यात असताना तर नाहीच. ती वाकून तुकडे वेचायला लागली. मग एका पोलीसबाईने तिला गेटाबाहेर नेलं. शेवटच्या मिनिटाला नीलेशने पेनल्टी अडवली आणि सातपाटी फायनलला गेली. तिने फक्त आवाज ऐकला.

स्पर्धेच्या मंडळाने तिथेच निकाल सुनावला: त्या बाईंना फायनलला प्रवेश नाही. नीलेश म्हणाला, "आय भाईर, तर मी पन भाईर." तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "तू खेल. मी गेटावर उबी रेन." पण संध्याकाळी माझ्या घरी येऊन बसली तेव्हा म्हणाली, "कोलापुरी, एकदा बगायचा होता रे त्याला. कॉलेज संपलं की तो पन जाईल. तुज्यासारका."

ते मला लागलं. ज्यांना घर सोडावं लागलं त्यांना कळेल का ते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आधी मंडपवाल्याला गाठलं, कारण मी कारखान्याचं स्टोअर सांभाळणारा माणूस, कुठल्या रॅकवर किती वजन हे बघितल्याशिवाय मला बोलता येत नाही. फळ्या बघितल्या, खालचे बांबू बघितले. विचारलं, दोनशे जणांनी इथे एकदम उडी मारली तर? तो म्हणाला, "काका, मारू देत. फक्त मी खाली नसणार." म्हणजे बसा म्हणणारे अगदी चूक नव्हते. चूक होती ती न सांगता हात धरण्यात. पण गोलच्या मागे सपाट जमीन होती, तीस मीटर लांब, सहा मीटर रुंद, दोन्ही बाजूंनी मोकळी. तिथे फळी नाही, पडायचं कुठून?

हे घेऊन मी रंजूबायला सोबत नेऊन मंडळाच्या अध्यक्षांसमोर बसलो. बंदोबस्ताचे फौजदारही होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उभे राहिलेले लोक मैदानात घुसतात. माझा अनुभव आहे."

मी म्हणालो, "बसलेलेही घुसतात साहेब. मी कोल्हापूरचा, मी बघितलंय. ते खुर्ची घेऊन घुसतात."

अध्यक्ष हसले. फौजदार हसले नाहीत. "दोनशे माणसांची उभी गर्दी आवरणार कोण?"

दाराशी उभी असलेली रंजूबाय बोलली. "सायेब, तुमी पहाटेला बंदरावर या. लिलावाला दोनशे मानसं उबी असतात. मदी लाखाचं म्हावरं पडलेलं. ढकलाढकली हाय, शिव्या हायत, पन म्हावऱ्यावर पाय कोनाचा पडत नाय. आन् तुमचा पोलीस तिथं एक पन नाय."

फौजदारांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. एक हात भरलेला, एका हातात काहीच नाही. मग ते म्हणाले, "दोरी बांधा. एक पाय दोरीच्या आत आला तर मॅच बंद, आणि ह्या बाई पहिल्या बाहेर. जबाबदारी कोणाची?"

"माझी," मी म्हणालो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "दोनशे कोळ्यांची जबाबदारी? तुम्हाला आपल्या पोराचा मोबाइल आवरत नाही!"

फायनलच्या दिवशी रंजूबायने दोन मिनिटांत माणसं लावली. "लिलावाला उबं रातो तसं रा! बुटक्या पुडं, लांबडे मागं! दोरी म्हंजे म्हावरं!" आणि खरोखर, त्या पोरांचे पाय दोरीपाशी येऊन असे थांबले की मी बघत राहिलो. सातपाटीचे खलाशी, आमच्या कारखान्यातले बंगाली आणि केरळी, मागे डोंगराकडच्या पाड्यांवरची पोरं, सगळे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. ढोल होता. माझा आवाज पहिल्या दहा मिनिटांत गेला.

दोरीच्या आतल्या बाजूला बाउन्सर ओळीने उभे, तोंड आमच्याकडे, पाठ मॅचकडे. आणि रंजूबायच्या बरोबर समोर कोण, तर तोच मोठ्या टी-शर्टातला. नाव सुखराम, झारखंडचा, हे तिने लगेच काढून घेतलं. नव्या बांगड्यांचा हात त्याच्या नाकासमोर धरला. "देख, नवा भरा है. अबी हात लगाया ना, तो तेरेको सुकत घालेगी मैं, बोंबील के बाजू में."

त्याने दोन्ही हात जोडले. "गलती हो गया, माताजी."

"बाजू हट. मेरा पोरगा दिखता नाय."

"ड्यूटी है, माताजी. हट नहीं सकता. पीछे देख भी नहीं सकता."

हे तिला पटेना. सगळं मैदान मॅच बघतंय आणि हा तिकीट न काढता सगळ्यात पुढे उभा राहून आमची तोंडं बघतोय! मग तिने त्याला मॅच सांगायला सुरुवात केली. "अबी बॉल उदर है... अबी वो लंबूटांग्या के पास है, चांगला नाय वो... आया, आया, इदर आया... गेला! भाईर गेला!" त्याचे डोळे तिच्या तोंडावर. तिच्या कपाळाला आठी पडली की ह्याच्याही पडायची.

तेवढ्यात संजूचा फोन. कोल्हापुरातही त्या दिवशी मॅच होती, मागे आरडाओरडा. "दादा, आवाज कसला? कुणाची मॅच हाय?"

"आपली," मी ओरडलो.

"आपली? आपली तर हितं चाललीया!"

मी फोन खिशात टाकला. पंचवीस वर्षं मी 'इथली पोरं' म्हणत आलो होतो. घर म्हणजे काय याचा हिशेब मी बऱ्याचदा मांडलाय, फ्लॅटचे हप्ते, तिकडची जमीन, आईवडील गेल्यावर बंद केलेली खोली. तो कधी जुळला नाही. त्या गर्दीत, डावा खांदा खलाशाला आणि उजवा बंगाल्याला टेकलेला असताना, तो मांडायची गरज वाटली नाही. संजू, रागावू नकोस. तिकडचीही आपलीच. दोन्ही.

बरोबरी सुटेना. पेनल्टी आल्या, आणि आमच्याच बाजूच्या गोलवर. नीलेशची पाठ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. चार-चार झाल्या. आमच्या पोराने पाचवी घातली, पाच-चार. आता त्यांची शेवटची. नीलेशने अडवली तर कप सातपाटीचा.

ढोल थांबला. आणि रंजूबायचं बोलणंही थांबलं.

"क्या हुआ?" सुखराम म्हणाला. "माताजी, क्या हो रहा है?"

तिने डोळे मिटले होते. ज्यासाठी तिने बांगड्या घालवल्या, गेटाबाहेर गेली, फौजदाराशी भांडली, ते समोर होतं आणि तिला बघवत नव्हतं. दोन्ही हातांनी दोरी धरलेली, ओठ हलत होते.

"माताजी, बोलो ना!"

ती बोलेना. तेव्हा सुखराम वळला. सरळ पाठमोरा झाला, बाउन्सरांचा सुपरवायझर चाळीस पावलांवर असताना. शिट्टी झाली. बॉल खाली, उजवीकडे. नीलेश आडवा झाला आणि बॉल त्याच्या छातीखाली राहिला.

"पकड़ लिया!" सुखराम आमच्या सगळ्यांच्या आधी ओरडला. वळून त्याने तिचे खांदे हलवले. "माताजी, आँख खोलो! पकड़ लिया आपके बेटे ने!"

पुढचं मला नीट सांगता येत नाही. दोनशे माणसं एकदम हवेत गेली. दोरी पोटावर ताणली, बांबू करकरले, मी हात पसरून "म्हावरं! म्हावरं!" असं नसलेल्या आवाजात ओरडत होतो. कुणीही दोरी ओलांडली नाही. फक्त एक चप्पल उडून आत पडली. फौजदार शांतपणे चालत आले, ती काठीने उचलली आणि माझ्यासमोर धरली. "ही कोणाची जबाबदारी?"

"माझीच, साहेब," मी म्हणालो. चप्पल माझीच होती. तेव्हा ते हसले, पण चप्पल काठीवरच राहिली.

नीलेश धावत आला, दोरीवरून आईच्या गळ्यात पडला. "आय, बगितलंस?"

"बगितलं," ती म्हणाली. सुखराम तिच्याकडे बघत होता. त्यानेही मान डोलावली.

दिवे विझायच्या आत, पाठ फिरवल्याबद्दल सुपरवायझरने सुखरामचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. मी पाकीट काढलं, आणखी चौघांनी काढलं. रंजूबायने सगळ्यांचे हात बाजूला केले. "माज्या डोल्यांचं काम त्यानं केलं, पैशे मी देनार." कमरेची पिशवी सोडली, ओलसर नोटा काढल्या. तो नको नको म्हणत मागे सरला तर तिने टी-शर्ट धरून जवळ ओढला आणि पैसे त्याच्या मुठीत कोंबले.

दिलेली रक्कम रुपये अडीचशे, रोख. देणार रंजूबाय, घेणार सुखराम. हजर: नीलेश, फौजदार, आणि मी, एका पायात चप्पल घालून उभा.