देवाच्या घराचा अलार्म परवाना

व्हर्नेटाचं काम असं, की तिला येताना पाहून ओळखीच्यांनीही तोंड चुकवावं. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या तिच्या शहरात घरादुकानाला चोरांसाठी अलार्म लावला की नगरपालिकेचा परवाना काढायचा, दरसाल फी भरायची. जे भरत नाहीत त्यांच्या मागे व्हर्नेटा. जो तो एकच पाढा म्हणायचा, "अलार्म कंपनीला दर महिन्याला देतो की!" अहो, कंपनीचं कंपनीला, नगरपालिकेचं नगरपालिकेला! सांगून सांगून बिचारीच्या जिभेला घट्टे पडले.

आणि सगळ्यात चिवट थकबाकीदार कोण निघावं? तिचंच चर्च!

तिथला अलार्म उठसूट बोंबलायचा. चोर कुठला, फुगे! कुणाचा वाढदिवस, कुणाची निवृत्ती. मंडळी जेवून घरी जात, चकचकीत फुगे हॉलमध्येच तरंगत राहत. एसी सुरू झाला की फुगा हले, अलार्मला वाटे माणूस शिरला. पोलीस धावत येऊन बघतात तर फुगा डुलतोय! थकलेल्या फीवर अशा खोट्या हाकांचा दंड चढत गेला. आता सोमवारपर्यंत भरणा झाला नाही, तर अलार्म कितीही कोकलला तरी पोलीस यायचे नव्हते. नियमच तसा.

व्हर्नेटाला खरी काळजी होती ती आईची, आयडेलाबाईंची. त्या दर गुरुवारी चर्चमध्ये एकट्या बसून गरिबांसाठी शिध्याच्या पिशव्या भरायच्या. मागच्याच महिन्यात एक दारुडा आत शिरला होता. अलार्म वाजला, पोलीस वेळेवर आले म्हणून निभावलं.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर तिनं चर्चच्या कारभाऱ्याला, डीकन होसियांना, हॉलमध्ये गाठलं.

"डीकन, उद्या शेवटचा दिवस."

"सिस्टर व्हर्नेटा, देवाच्या घराला कसला गं परवाना? नोहानं तारू बांधलं तेव्हा कुणी पावती फाडली होती?"

"नोहाच्या तारवात फुगे नव्हते."

"बरं बाई, पुढच्या महिन्यात बैठकीत ठराव मांडू. त्याला अनुमोदन हवं. मग खजिनदाराला विचारायचं..."

"खजिनदार तुम्हीच आहात!"

"म्हणूनच म्हणतो, घाई नको."

व्हर्नेटानं कपाळावर हात मारला. तेवढ्यात स्वयंपाकघराची वाढायची खिडकी धाडकन बंद झाली. आत तळलेली कोंबडी, मक्याची पोळी, पीचचा गोड पदार्थ. बाहेर ताटं घेऊन उभी रांग.

"अहो, काय झालं?" होसिया कळवळले.

आतून आयडेलाबाईंचा आवाज आला, "स्वयंपाकघरानं ठराव मांडलाय. डीकनांची बैठक होईस्तोवर कुणाला वाढायचं नाही."

"अनुमोदन!" सगळ्या बायका एकसुरात.

बैठक रांगेतच, उभ्या उभ्या झाली. होसियांनी चेक लिहिला, पण सही करता करता थांबले. "चर्चला काही सूट?"

"नाही."

"देव बघतोय हं, व्हर्नेटा."

"बघू द्या. आजची तारीखही घाला."

सोमवारी उजाडताच तिनं भरणा केला. गुरुवारी कचेरीतून आईला फोन लावला.

"आई, दार आतून लावलंयस ना?"

"दार लावलं तर शिधा न्यायला लोक आत कसे येतील? विटेचा टेकू देऊन सताड उघडं ठेवलंय."

"अगं, आणि कुणी शिरलं तर?"

"शिरू दे की! पोलीस येतात ना आता? मग एवढे पैसे कशाला भरायला लावलेस, पोरी?"