मीठ कोरडं होतं

वाडी सोडली त्या दिवशी आबांनी माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. ते म्हशींकडे पाहत होते. बारावी होऊन मी रत्नागिरीला शिकायला निघाले होते, डोक्यावर पत्र्याची ट्रंक, काखेत छत्री. आमचा धनगरवाडा संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्याखाली. एसटीच्या रस्त्याला यायचं तर दोन तासांची उतरण. आभाळ काळंकुट्ट झालं होतं. आबा म्हणाले, "छत्री ऱ्हाऊ दे घरात, आयशीला लागंल. तू गाडीत बसंस्तोवर पडत नाय." मी छत्री ठेवली. गाडीत बसले, कंडक्टरनं घंटी मारली आणि मग काचांवर सरी आपटायला लागल्या. शेजारच्या बाईला मी न विचारताच सांगितलं, माझ्या वडिलांना हे आधीच ठाऊक होतं.

हा माझा तोरा. वाडीतली अकरा घरं आबांच्या शब्दावर चालायची. आबा विळा घेऊन सड्यावर, म्हणजे वाडीवरच्या गवताळ कातळमाळावर, चढले की वाडी गवत कापायला निघायची, आबा ओटीवर बसून राहिले की वाडीही बसून राहायची. लहानपणी म्हशींमागे त्यांच्याबरोबर मी जायचे, दादा नाही. दादाला आभाळ म्हणजे निळं नाहीतर काळं, एवढंच. म्हशी नाक वर करून पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिल्या तर काय, पहाटे घोंगडी हाताला जड लागली तर काय, मुंग्या अंडी घेऊन भिंत चढू लागल्या तर काय, हे आबा मला सांगायचे. आणि सगळ्यात भरवशाची गोठ्याच्या दारातली लाकडी डोणी. तिच्यात म्हशींना चाटायला जाडं मीठ असायचं. आबा रोज सकाळी त्यात बोट खुपसायचे. बोट ओलं आलं की म्हणायचे, "मीठ रडाय लागलं." मग दोन दिवसांत पाऊस ठरलेला. तसं बोट मीसुद्धा खुपसलेलं आहे. हे सगळं आपल्याला मिळणार, असं मी धरूनच चालले होते. निघून गेल्यावर ते कुणाच्या हाती राहील, हा विचार ट्रंक भरताना मनात आला नाही.

आज मी रत्नागिरीतच, मांडवीत राहते. ऑफिस, फ्लॅट, हप्त्यावरचा फ्रिज. गॅलरीतून समुद्राचा एक तुकडा दिसतो, पण त्याच्याकडे पाहून मला काही कळत नाही. ऑफिसला निघताना मी मोबाईलवर ढगाचं चित्र आहे की सूर्याचं ते बघते आणि तरीही भिजते. हे वाचणारी आपल्या वाडीची तुम्ही मुंबईकर मंडळी हसाल, पण तुमचंही तेच आहे. फरक इतकाच की तुम्ही भातलावणीला कधी यायचं ते कमळवहिनीला फोन करून विचारायचात आणि मी विचारत नव्हते.

कमळवहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. घाटावरची, कोयनेच्या अंगाची. लग्न होऊन आली तेव्हा आमचा खारा वारा कुठून येतो हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला तशी ती त्यांचे डोळे झाली. ती बघून सांगायची, ते ऐकून अर्थ लावायचे. मग हळूहळू अर्थही तीच लावायला लागली. दिवाळीला घरी गेले की ओटीवर दोघांचं चाललेलं असायचं, आणि मी बाजूला फराळाचा डबा उघडत बसायचे. जळफळाट व्हायचा. एकदा न राहवून आबांना म्हणाले, हे सगळं तुम्ही मला द्यायचं होतं. ते म्हणाले, "जी हितं ऱ्हाते तिलाच सांगनार ना बाय? तुला काय फोनात सांगू?" ते चुकीचं बोलले नव्हते, म्हणूनच जास्त लागलं.

त्यानंतरच्या दिवाळीची गोष्ट सांगण्यासाठी हे लिहायला बसले आहे.

सड्यावर गवत कमरेइतकं होऊन पिवळं पडलं होतं. वर्षभराची वैरण ती. कापायची, दोन-तीन दिवस उन्हात पसरायची, मग पेंढ्या बांधून उडव्या रचायच्या. मध्ये पाऊस आला की गवत काळं पडतं आणि म्हैस त्याला तोंड लावत नाही. आता तर दिवाळीनंतरही पावसाचा भरवसा नसतो. मी घरी पोचले तर डोणीत तळाला थोडं काळपट मीठ उरलेलं. मी रत्नागिरीहून सोबत पिशवीतलं पांढरंशुभ्र मीठ नेलं होतं, पाच पिशव्या. म्हशींसाठी मीही काही आणते हे दिसायला हवं होतं ना! जुनं मीठ खरवडून उकिरड्यावर टाकलं आणि डोणी काठोकाठ भरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी म्हणाली, "म्हशी कोंडीच्या पाण्यात उतरत नायत, वाऱ्याला नाक लावून हुब्या हायत. दोन दिस थांबूया." आबा तापानं आत पडून होते. दादा विळ्याला धार लावत होता. मी उठले, घरच्यांसमोर डोणीत बोट खुपसलं आणि वर करून दाखवलं. पिठासारखं कोरडं. त्या दिवशी सकाळीही तसंच कोरडं होतं. मी म्हणाले, "मीठ कोरडं आहे. कापा." आबांच्याच आवाजात म्हणाले असेन. फार बरं वाटलं. वहिनी काहीतरी बोलणार होती, पण दादा म्हणाला, "आबांचीच पोर हाय ती." त्या एका वाक्यासाठी मी किती वर्षं थांबले होते!

पहाटे दादा सड्यावर गेला. त्याला बघून वाडी गेली. वाडीला वाटलं, कमळनं सांगितलं असणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि दोन दिवस हटला नाही. अकरा घरांचं गवत सड्यावर भिजत पडलं. आणि डोणीतलं माझं मीठ तेव्हाही कोरडंच, हाताला लागलं की सुळकन ओघळणारं! पिशवीतलं ते बारीक मीठ ओल धरतच नाही, ते रडणार कुठून? हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला फक्त वहिनीला खोटं पाडायचं होतं.

ताप उतरल्यावर आबा भिंत चाचपत गोठ्यात आले. चिमूटभर मीठ घेऊन बोटांत चोळलं, जिभेला लावलं. "ह्ये कुनी आनलं?" मी दारातच उभी होते. वहिनी म्हणाली, "म्या आनलं, बाजारातनं." आबा तिच्या आवाजाच्या दिशेनं मान हलवून आत गेले. मी दुसऱ्या दिवशीची एसटी धरली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. चैत्रात वैरण संपली, दादानं दोन म्हशी विकल्या, बाकीच्यांनीही विकल्या. दादानं वाडीत माझं नाव घेतलं नाही. त्या वेळेपासून वाडी वहिनीला विचारत नाही. मुंबईकरही विचारत नाहीत. घाटावरच्या बाईला आपलं आभाळ काय कळणार, असं कुणीतरी म्हणालं आणि ते मला फोनवर हसत सांगितलं. खरं सांगते, ऐकून आधी गार वाटलं. लाज मागून आली.

तिनं माझं पाप अंगावर का घेतलं, हे मी बरेच दिवस शोधते आहे. कधी वाटतं माझी दया आली, कधी वाटतं माझ्यापेक्षा मोठं व्हायचं होतं म्हणून. बघा, अजून माझं मन असं चालतं. मत्सर गेला असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. आबांच्या शेजारची ती जागा अजून मला हवी आहे. पण घर माझं आहे म्हणायचं, तर तिथली माझी चूकही माझ्याच नावावर असायला हवी. दुसरीच्या नावावर ती ठेवून मला त्या ओटीवर बसता येत नाही. दोन दिवाळ्या मी गेलेच नाही.

हे वाडीत कुणीतरी आबांना मोठ्यानं वाचून दाखवा, वहिनी समोर असताना. आबा, डोणीतलं मीठ मी बदललं होतं आणि कापा असं मीच म्हणाले होते. वहिनी थांबा म्हणत होती.