'आणि इतर' हा लेख मिलिंदचा होता

११ फेब्रुवारी २०११. सहा-सात महिने इथे काही लिहिलं नाही. माफ करा.

मिलिंद गेला, आणि मला रडू येत नाहीये.

परवा सकाळी गेला. सातपूरच्या घरी, फर्स्ट शिफ्टला निघण्याआधी, चहा पिताना.
त्याच्या मुलीचा, विद्याचा, फोन आला. मी नुसती "हो, हो" म्हणत राहिले. फोन ठेवला आणि कुकर लावला.

मिलिंद कॉलेजात माझ्या वर्गात होता. ऐंशीच्या दशकातलं नाशिक. त्याचे वडील सातपूरला कारखान्यात होते. तो सायकलवर कॉलेजला यायचा आणि निम्मे तास थिएटरात बसायचा.

त्या वर्षी एक नाचगाण्यांचा सिनेमा आला होता. आठ गाणी.
मिलिंदने तो सात वेळा पाहिला, मॅटिनीला, पुढच्या रांगेतून.
मी एकदा पाहिला. आईबरोबर, बाल्कनीतून.

फिल्म अवॉर्ड जाहीर झाली की तो पेपरातली यादी घेऊन कँटीनमध्ये यायचा, ती बाजूला ठेवायचा आणि स्वतःची अवॉर्ड द्यायचा.
त्या वर्षीचं सगळ्यात मोठं त्याने चौथ्या गाण्यातल्या, उजवीकडून तिसऱ्या मुलीला दिलं. ती एक स्टेप चुकते आणि तशीच हसत पुढे नाचते म्हणून.

मी म्हटलं, मला तर अशी कुणी दिसली नाही.

"बाल्कनीतून हिरोईनच दिसते, जोशी."

त्यावरच त्याने लेख लिहिला. नाव दिलं, 'आणि इतर'.
गाण्यात चाळीस माणसं गातात, शंभर नाचतात, आणि पडद्यावरच्या नावांच्या पाटीवर त्या सगळ्यांसाठी मिळून दोनच शब्द येतात. बक्षिसांच्या यादीत तर तेवढेही येत नाहीत. असं बरंच काही होतं त्यात. चांगला होता. आम्ही बाकीचे तेव्हा पावसावर वगैरे लिहीत होतो.

कॉलेजचं भित्तिपत्रक हाताने लिहायचे. माझं अक्षर चांगलं, म्हणून सगळ्यांचे लेख मी उतरवायचे.
वर कोपऱ्यात उतरवणाऱ्याचं नाव, तळाशी लेखकाचं. अशी पद्धत.
मिलिंदचा लेख लांबला. कार्डशीट संपलं. तळाचं नाव राहिलं.
शिपायाने ते काचेच्या पेटीत लावलं आणि कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या सरांनी वर्गात लेखाचं कौतुक केलं. माझं नाव घेऊन.
मी उभी राहिले. तास संपल्यावर सांगू, असं ठरवलं. तास संपला.

गॅदरिंगला त्या लेखाला बक्षीस मिळालं. पितळी कप. स्टेजवर मी गेले.
मिलिंद टाळ्या वाजवत होता. मनापासून, असं मला वाटलं. वाटून घेतलं असेल.

खाली आल्यावर मी त्याला म्हटलं, उद्या सरांना सांगते.

"राहू दे," तो म्हणाला. "कोरसला नाव नसतंच. मीच लिहिलंय ना ते?"

आणि हसला.
मीही हसले. हे मला जास्त आठवतं.

मी सरांना सांगितलं नाही.
पुढे त्यांच्याच चिठ्ठीवर मला एका वर्तमानपत्रात प्रूफरीडरची नोकरी लागली. मिलिंदचे वडील आजारी पडले आणि तो कॉलेज सोडून त्यांच्या जागी कारखान्यात लागला.
लेखाखाली त्याचं नाव असतं तरी तो तिथेच गेला असता, असं मी स्वतःला सांगत आले. खरं असेलही.

नंतर भेटत राहिलो. त्याच्या लग्नात, विद्याच्या वाढदिवसांना. त्याने तो विषय कधी काढला नाही. मीही नाही.

काल विद्याचा परत फोन आला. रविवारी पुण्यानुमोदन आहे, बुद्धवंदना आणि मग त्याच्या आठवणी. तिला बाबांचं काहीतरी वाचून दाखवायचंय.

"मावशी, आई म्हणते बाबा कॉलेजात लिहायचे. घरात एक कागद नाही. तुमच्याकडे आहे का काही?"

मी म्हटलं, बघते.

बघायची गरज नव्हती. ते कार्डशीट कुठे आहे ते मला माहीत होतं. माळ्यावर, ट्रंकेत, कपाच्या खाली.

आज दुपारी काढलं. पिवळं पडलंय, घड्यांवर फाटलंय. अक्षर खरंच चांगलं होतं.

शेवटच्या ओळीखाली तीन बोटं जागा आहे.

कार्डशीट संपलं, असं मी पंचवीस वर्षं म्हणत आले. आत्ता वरतीही तेच लिहिलंय. खोडत नाही, राहू दे.

आता तिथे त्याचं नाव लिहिता येईल. पण मग ते पहिल्यापासून होतं असं वाटेल.

मिलिंद, हे सगळ्यांसमोर लिहितेय, आणि तू वाचणार नाहीस तेव्हा लिहितेय. दोन्ही मला कळतं.
ती उजवीकडून तिसरी मुलगी मी नंतरही कधी शोधली नाही.

नीट जा.

उद्या: सातपूरला जाणे. कागद आहे तसा विद्याच्या हातात द्यायचा, आणि जागा होती हे तोंडाने सांगायचं.