डोक्याकडची दोरी

लॉर्ड ड्रमलोहन गेले, आणि त्यांच्यामागोमाग चारशे वर्षांची पदवीही गेली. मुलगा नाही, पुतण्या नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, "मेला चिक्कू! बायकोला पोसावं लागेल म्हणून लग्नच केलं नाही."

मयतीच्या जेवणाच्या मेजांवरच्या चादरींना इस्त्री करत बसलेल्या गावच्या धोबिणीने, मोरॅगने, हे ऐकलं. इस्त्री जरा जोरात आपटली, एवढंच.

लग्न झालं होतं. तिच्याशीच. एकोणिसाव्या वर्षी, टॅव्हिशच्या गिरणीत. त्या मुलखात तेव्हा पाद्री लागत नसे. दोन साक्षीदारांसमोर "ही माझी बायको", "हा माझा नवरा" म्हटलं की कायद्याने लग्न पक्कं. पण नवऱ्याच्या बापाने, थोरल्या लॉर्डने, दम भरला, "तोंड उघडलंस तर तुझा बाप उद्या रस्त्यावर." बाप खोकत होता, झोपडी लॉर्डचीच. तिने तोंड मिटलं. धाकट्यानेही मिटलं, त्याला तर खोकलाही नव्हता. मात्र त्याने दुसरी केली नाही. एक जिवंत असताना कशी करणार?

पोर झालं, निनियन. गावाने त्याला बिनबापाचा म्हटलं. विसाव्या वर्षी लढाईवर निघताना स्टेशनात त्याने विचारलं, "आई, माझा बाप कोण, एवढं तरी सांग."

"परत ये, मग सांगते."

तेवढ्या ओढीने तरी येईल, असं तिला वाटलं. तो फ्रान्सच्या चिखलातच राहिला.

संध्याकाळी टॅव्हिश आला. मयताची पेटी खड्ड्यात सोडायच्या आठ दोऱ्या, त्या कुणी धरायच्या याची कार्डं घरोघर गेली होती. डोक्याकडची, पहिली, थोरल्या मुलाची.

"मला पाचवी आलीय. पहिली एडिंबराच्या वकिलाला दिलीय म्हणे. मोरॅग, दुसरा साक्षीदार कधीच मेला. मी आहे तोवर बोल."

"आता बोलून काय? लेडी होऊन तुझेच लेंगे धुऊ?"

"तुझं राहू दे. पोर कुणाचं, ते तरी सांग."

यावर मात्र तिने इस्त्री खाली ठेवली.

बायका कबरीपाशी जात नसत. दुसऱ्या दिवशी मोरॅग गेली, आणि वकिलाच्या हातातल्या दोरीला हात घातला.

"बाई, ही मुलाची दोरी."

"मुलाला येता येत नाही. मी त्याची आई. यांची लग्नाची बायको."

टॅव्हिश मोठ्याने म्हणाला, "खरंय. माझ्याच गिरणीत लागलं. मी साक्षीला होतो."

वकिलाने घाईघाईने पेन्सिल काढली. "म्हणजे वारस आहे! नाव?"

"निनियन."

"कुठे असतात?"

"फ्रान्समध्ये. सतरा सालापासून. मातीत."

त्याने पेन्सिल खिशात ठेवली. "मग काही फरक पडत नाही, बाई." आणि दोरी सोडून मागे सरकला.

पेटी हळूहळू खाली गेली. तिच्या धुण्याने सोललेल्या हातांतून दोरी काही सुटली नाही. खड्ड्यावर वाकून ती पुटपुटली, "तिकडे भेटेल तो. माझ्याच्याने झालं नाही, आता तुम्हीच सांगा त्याला."